ग्वाल्हेरच्या हवेतली धूळ आणि धूर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरात सकाळी खिडकीच्या फळीवरून ओलं फडकं फिरवलं, तरी संध्याकाळी त्याच फळीवर बोटानं नाव लिहिता येतं. ग्वाल्हेरला राहणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. आई दिवसातून दोनदा केर काढायची, आत्या अजूनही काढते, आणि "या गावची धूळ काही संपायची नाही" हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पुष्कळ वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यावर मला त्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते. धुळीशी आपण रोज झगडतो, कारण ती दिसते. तिच्याबरोबर जो धूर घरात येतो तो फळीवर बसत नाही, फडक्याला लागत नाही, आणि छातीचं जास्त नुकसान तोच करतो. हा फरक एकदा नीट कळला की हवेबद्दलच्या बऱ्याच बातम्या, आकडे आणि डॉक्टरांचे सल्ले आपोआप उलगडतात. म्हणून आज फक्त तेवढंच समजावून सांगायचं ठरवलं आहे.

सुरुवात हवेच्या वजनापासून करू. हवा म्हणजे काहीच नाही, असं मुलांना वाटतं आणि मोठ्यांनाही. प्रत्यक्षात एक घनमीटर हवा साधारण सव्वा किलो भरते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत तीसेक किलो हवा असते, म्हणजे गव्हाच्या एका लहान पोत्याएवढी. आपण मिनिटाला बारा ते पंधरा वेळा श्वास घेतो, दिवसाला जवळजवळ वीस हजार वेळा, आणि त्यात दहा-अकरा हजार लिटर हवा आत-बाहेर करतो. वजनात सांगायचं तर बारा-तेरा किलो. जेवण दिवसाला दीड-दोन किलो, पाणी दोन-तीन लिटर. भाजी आपण तीनदा धुतो, पाणी गाळून उकळून पितो. या दोन्हींहून कितीतरी जास्त जी वस्तू पोटात नव्हे पण शरीरात जाते, ती मात्र जशी येईल तशी घेतो. दुसरा इलाजही नसतो. पाणी नको म्हणून तासभर थांबता येतं, हवेला दोन मिनिटंही नाही म्हणता येत नाही.

या हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, एक टक्क्याच्या आत आर्गॉन आणि अगदी थोडा कार्बन डायऑक्साइड असतो. पाण्याची वाफ मोसमाप्रमाणे कमीजास्त. हे प्रमाण ग्वाल्हेरला, पुण्याला आणि महाबळेश्वरला सारखंच असतं. "शहरात ऑक्सिजन कमी झालाय" असं लोक म्हणतात ते खरं नाही. ऑक्सिजन तितकाच आहे. त्याच्यासोबत आणखी काय येतं आहे, हा खरा प्रश्न आहे.

२०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जगातल्या शहरांच्या हवेची आकडेवारी जाहीर केली. सूक्ष्म कणांच्या त्या यादीत इराणमधलं झाबोल पहिलं होतं आणि आपलं ग्वाल्हेर दुसरं. दिल्ली नव्हे, कानपूर नव्हे, ग्वाल्हेर. वर्षाची सरासरी १७६ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. त्या दिवशी पुण्याच्या, इंदूरच्या नातेवाइकांचे फोन आले होते, आणि त्यांना काय उत्तर द्यावं ते कळेना. यादीत न आलेल्या असंख्य गावांत तेव्हा मोजणारं यंत्रच नव्हतं, हे खरं आहे. पण त्यानं आमचा आकडा खाली येत नाही.

हा आकडा म्हणतो तरी काय? मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. १७६च्या हवेत चोवीस तास श्वास घेतला तर शरीरात सुमारे दोन मिलिग्रॅम कण ओढले जातात. तांदळाच्या एका दाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा. हे ऐकून वर्गातली मुलं हमखास विचारायची, "मॅडम, बस, एवढंच?" मग मी फळ्यावर एक चौकोनी ठोकळा काढायची. एक मिलिमीटर बाजूचा, वाळूच्या जाडसर कणाएवढा. त्याचे एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढ्या बाजूचे तुकडे केले तर ते होतात शंभर कोटी. वजन तेवढंच राहतं, पण सगळ्या तुकड्यांचा मिळून बाहेरचा पृष्ठभाग हजारपट होतो. अख्खी सुपारी आणि सुपारीचा चुरा यांत जिभेला जो फरक लागतो, तोच इथे फुफ्फुसाला लागतो. शिवाय धुरातले घातक पदार्थ कणांच्या या पृष्ठभागाला चिकटूनच प्रवास करतात. म्हणजे वजन नगण्य असतं आणि वाहतूक प्रचंड.

म्हणूनच कण मोजताना त्यांचा आकार विचारतात. दहा मायक्रॉन आणि त्याहून बारीक कणांना पीएम १० म्हणतात, अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक असलेल्यांना पीएम २.५. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, तेव्हा अडीच मायक्रॉनचे वीसेक कण एका केसाच्या रुंदीत ओळीनं मावतील. ढोबळमानानं सांगायचं तर रस्त्याची, शेताची, बांधकामाची, फुटलेल्या दगडाची धूळ ही जाड बाजूला असते, आणि लाकूड, कोळसा, डिझेल, पालापाचोळा, कचरा जळून निघणारा धूर बारीक बाजूला. काहीही जळलं की बारीक कण तयार होतात. काहीही घासलं, फुटलं, उडालं की बहुतांशी जाड.

आता खिडकीच्या फळीकडे परत येऊ. वारा नसलेल्या खोलीत दहा मायक्रॉनचा धुळीचा कण छतापासून जमिनीवर दहा-पंधरा मिनिटांत उतरतो. एक मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर उतरायला जवळपास एक दिवस लागतो, आणि दिवसभर हवा स्थिर असलेली खोली जगात नाही. दार उघडलं, पंखा लावला, कुणी उठून पाणी प्यायला गेलं, की तो पुन्हा वर. फळीवर बसते ती धूळ, कारण ती खाली पडते. धूर पडतच नाही. तो आपण श्वासात घेईपर्यंत हिंडत राहतो.

शरीराची रचनाही धुळीसाठी झालेली आहे, धुरासाठी नाही. नाकातले केस, ओलसर अस्तर, घसा, श्वासनलिकेचे फाटे, प्रत्येक वळणावर जाड कण आदळतात आणि चिकटतात. नळ्यांच्या आतल्या बाजूला अतिशय सूक्ष्म लव असते. ती चिकट कफ सतत वरच्या दिशेला ढकलत असते, आपण तो गिळतो किंवा खाकरून टाकतो. आंधीनंतर नाक शिंकरल्यावर रुमालावर जे काळपट दिसतं ते या यंत्रणेचं यश आहे. आजीला ते पाहून भीती वाटायची. मी तिला सांगायचे, जे रुमालावर आलं ते आत गेलं नाही.

अडीच मायक्रॉनखालचे कण या वळणांवर फारसे आदळत नाहीत. ते हवेच्या झोताबरोबर वळतात आणि सरळ वायुकोशांपर्यंत पोहोचतात. आपल्या दोन फुफ्फुसांत असे कोट्यवधी फुगे आहेत, त्यांचं अस्तर पसरलं तर एका लहान फ्लॅटएवढी, सत्तर चौरस मीटरच्या आसपास जागा व्यापेल. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा तिथे एक मायक्रॉनहूनही पातळ असतो, कारण ऑक्सिजन त्यातून झिरपायला हवा. आणि तिथे ती लव नाही, कफाचा पट्टा नाही. फक्त भक्षक पेशी असतात, आलेला कण गिळून टाकणाऱ्या. त्या आपलं काम करतात, पण रोज कणांची रांग लागली की दाह कायमचा राहतो. तो फुफ्फुसापुरता थांबत नाही. दाहाची रसायनं रक्तात उतरतात, काही अतिसूक्ष्म कण स्वतःही उतरतात. रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते.

म्हणून ही गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे सांगते, कारण आपल्या घरांत ती कुणाच्या मनात येत नाही. प्रदूषण म्हटलं की आपल्याला खोकला आणि दमा आठवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे जगात सुमारे ४२ लाख माणसं वेळेआधी गेली, आणि त्यांतले सुमारे दोन तृतीयांश मृत्यू हृदयविकार आणि पक्षाघात यांनी झाले. ज्या माणसाला आयुष्यात कधी खोकला नव्हता आणि जो जानेवारीच्या एका सकाळी छातीत कळ येऊन गेला, त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर हवेचं नाव कुणी लिहीत नाही. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला २०१३ पासून कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात धरलं जातं. त्याच गटात तंबाखूचा धूर आहे.

धूळ मात्र निर्दोष ठरते असं नाही, आणि ग्वाल्हेरमध्ये बसून तर मी तसं म्हणूच शकत नाही. आमचा किल्ला, आमचे वाडे, महाराज बाड्याभोवतीच्या इमारती वालुकाश्माच्या आहेत. या भागात दगडाच्या खाणी आहेत, गिट्टीचे क्रशर आहेत, दगड कापणारे आणि कोरणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या आहेत. वालुकाश्म म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका. तो यंत्रानं कापला की त्यातला एक भाग धुराइतकाच बारीक होतो आणि वायुकोशात पोहोचतो. भक्षक पेशी तो कण गिळते आणि त्यानं स्वतःच मरते. दुसरी पेशी येते, तीही मरते. या सततच्या लढाईच्या जागी फुफ्फुसात व्रणासारख्या कठीण गाठी बनतात. याला सिलिकोसिस म्हणतात. एकदा झालेलं हे नुकसान भरून येत नाही, क्षयरोगाचा धोकाही त्यानं वाढतो. पुष्कळदा क्षय समजून औषधं चालू राहतात आणि दगडाचं नाव निघतच नाही. दगड कापताना पाण्याची धार सोडली तर धूळ बरीचशी जागीच बसते. इतका साधा उपाय आहे. आपण घरासाठी फरशी कापून घेतो तेव्हा तरी कारागिराला पाण्याची बादली द्यावी, सुकं कटर चालवू देऊ नये. त्या चार तासांची फिकीर करणं आपल्या हातात असतं.

आता मोठ्या काकांकडे येते, कारण हा लेख लिहायला खरं तर त्यांच्याशी झालेल्या वादानं सुरुवात झाली. वय ७८, नोकरी संपल्यापासून रोज पहाटे साडेपाचला फिरायला. डिसेंबर असो की जानेवारी, कानटोपी, मफलर आणि काठी. इथली एक हिंदी म्हण ते नेहमी ऐकवतात, "सुबह की हवा, लाख रुपये की दवा."

मी म्हटलं, "काका, तुम्ही थंडीत दुपारी फिरायला जा."

"दुपारी? गाड्याघोड्यांच्या धुरात? पहाटे रस्त्यावर चिटपाखरू नसतं, हवा कशी स्वच्छ असते."

"थंडीत पहाटेची हवा दिवसातल्या सर्वांत वाईट हवेपैकी असते, काका."

त्यांना ते पटेना. त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. गाड्या नाहीत, मग धूर कुठून? उत्तर जमिनीवर नाही, डोक्यावर आहे.

एरवी उन्हानं जमीन तापते, तिला लागलेली हवा तापते, हलकी होते आणि वर जाते, वरची थंड हवा खाली येते. वर जावं तसं हवेचं तापमान दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे ही चढउतार सहज चालते. मे महिन्याच्या दुपारी ही घुसळण दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचते. शहरात जो काही धूर निघतो तो या उंच डेऱ्यात पसरून विरळ होतो.

थंडीच्या रात्री नेमकं उलटं होतं. आकाश निरभ्र, वारा पडलेला. जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून झपाट्यानं गार होते, तिला चिकटलेली हवा तिच्यामुळे गार होते, पण थोडी वरची हवा अजून त्या मानानं उबदारच असते. खाली थंड आणि जड, वर उबदार आणि हलकी. जड हवा वर कशाला जाईल? या स्थितीला तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात. शब्द अवघड आहे, अर्थ पातेल्यावरच्या झाकणाएवढा सोपा. हे झाकण रात्री शंभर-दोनशे मीटरवर येऊन बसतं, कधी त्याहूनही खाली. दुपारी ज्या धुराला दीड-दोन किलोमीटर उंचीची जागा होती त्याला आता तिचा दहावा हिस्साही मिळत नाही. तेवढाच धूर, पण दहापट दाट. आणि तो रात्रभर साठत जातो. संध्याकाळची रहदारी, चुली, शेकोट्या, रात्री जाणारे ट्रक, सगळ्यांचा धूर पहाटे तिथेच असतो. रस्ता मोकळा दिसतो, हवा मोकळी नसते. सूर्य उगवल्यावर जमीन तापायला तीन-चार तास जातात, मग झाकण उचललं जातं.

हे पटवायला ग्वाल्हेरसारखं गाव नाही, कारण आमच्याकडे एक मोजपट्टी उभी आहे. किल्ल्याचा डोंगर भोवतालच्या सपाटीपासून शंभर मीटरच्या आसपास उंच आहे. धुकं नसलेल्या एखाद्या जानेवारीच्या सकाळी मी काकांना गाडीत घालून उरवाई दरवाज्यानं वर नेलं. तटावरून लष्करकडे पाहिलं. डोक्यावर निळं आकाश होतं, आणि खाली शहरावर करडट-तपकिरी दुलई पसरली होती, वरची कड सुरीनं कापल्यासारखी सपाट. तिच्यातून घरांच्या वरच्या गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या तेवढ्या डोकावत होत्या. ती सपाट कड म्हणजेच झाकण. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी रोज त्याच्यात फिरतो?"

उन्हाळ्यात हिशेब बदलतो हेही सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग, थिनर यांच्या वाफा यांवर कडक ऊन पडून ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर असलेला ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो, नाकाशी असलेला श्वासनलिकेची आग करतो. तो दुपारी सर्वांत जास्त असतो. म्हणून उन्हाळ्यात फिरायला सकाळच बरी. थंडीत दुपार, उन्हाळ्यात सकाळ, आणि पावसाळ्यात कधीही, कारण पाऊस हवा धुऊन काढतो.

फोनवर जो हवेचा आकडा दिसतो त्याबद्दल थोडं. भारतात हा निर्देशांक २०१५ पासून आहे. ५०पर्यंत चांगली, १००पर्यंत समाधानकारक, २००पर्यंत मध्यम, ३००पर्यंत खराब, ४००पर्यंत अत्यंत खराब आणि त्यापुढे गंभीर. आठ प्रदूषक त्यात धरले आहेत, प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि सर्वांत वाईट जो असेल तोच शहराचा आकडा म्हणून जाहीर होतो. सगळ्या विषयांची सरासरी नव्हे, सगळ्यांत मागे राहिलेल्या विषयाचे गुण. त्यामुळे नुसता आकडा पाहून थांबू नये, खाली कोणत्या प्रदूषकामुळे तो आला ते लिहिलेलं असतं. पीएम १० असेल तर धूळ, पीएम २.५ असेल तर बहुधा धूर. दुसरं, कणांचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीवर ठरतो. दुपारची स्वच्छ हवा आणि पहाटेची दाट हवा त्यात एकत्र मिसळलेली असते. तिसरं, काही अ‍ॅप अमेरिकेची पट्टी वापरतात. पीएम २.५ जर ६० असेल तर आपल्या पट्टीवर तो १०० येतो, समाधानकारक. अमेरिकेच्या पट्टीवर तोच दीडशेच्या पुढे जातो आणि अपायकारक ठरतो. हवा एकच, पट्ट्या दोन. घरात दोन फोनांवर दोन आकडे दिसून वाद होतात ते यामुळे.

आणि समाधानकारक कोणासाठी, हेही विचारावं. पीएम २.५साठी आपल्याकडे वर्षाच्या सरासरीची मर्यादा ४० आहे, ती २००९ साली ठरली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आपली शिफारस १०वरून ५वर आणली, कारण अगदी कमी प्रमाणातही अपाय दिसत राहतो. सुरक्षित अशी पायरी सापडलेली नाही. माझ्या मते याचा अर्थ हताश व्हावं असा नाही. १७६वरून ९०वर आलं, ९०वरून ६०वर आलं, तर त्या प्रत्येक उतरत्या पायरीला माणसं वाचतात.

आता घरातलं. बाहेरची हवा वाईट म्हणून दारंखिडक्या लावून घेतल्या की आतल्या धुराला वाट राहत नाही, हे विसरलं जातं. आमच्या पणजोबांच्या काळापासून घरात मोहरीचं तेल आलं, इथल्या भाषेत कडवं तेल. त्याचा उग्रपणा जावा म्हणून ते धूर येईपर्यंत तापवायची पद्धत आहे, आणि त्या धुरात वायुकोशापर्यंत जाणारे कण भरपूर असतात. फोडणी करताना झाकण हाताशी असावं, खिडकी उघडी असावी, बाहेर हवा फेकणारा पंखा लावावा. आत्याला दमा आहे, तिच्या खोलीतली डासांची अगरबत्ती आम्ही बंद केली आणि मच्छरदाणी लावली. देवापुढे एकच उदबत्ती, तीही खिडकीशी. तिला आधी वाईट वाटलं होतं. आता तीच आल्यागेल्याला सांगते. केरही आम्ही सुक्या झाडूनं न काढता आधी ओल्या फडक्यानं पुसतो, कारण झाडू बसलेली धूळ पुन्हा उठवतो.

एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. थंडीत इथे पारा पाच अंशांखाली जातो, आणि लोक कोळशाची अंगीठी पेटवून खोलीत घेतात. धूर संपून निखारे लाल झाले की ती सुरक्षित झाली असं वाटतं. तेव्हाच ती सर्वांत धोकादायक असते. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, खोकला येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट जोरानं त्याला धरून ठेवतं, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोकं दुखतं, गुंगी येते, झोप लागते. बंद खोलीत अंगीठी घेऊन झोपलेली कुटुंबं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या उत्तर भारतात दर हिवाळ्यात येतात. अंगीठी अंगणात. खोलीत कधीही नाही, दाराची फट ठेवूनसुद्धा नाही.

कुंडीत मनी प्लांट लावला की हवा शुद्ध होते हा समज १९८९च्या नासाच्या एका प्रयोगावरून पसरला. तो प्रयोग लहानशा बंद पेटीत झाला होता आणि काही वाफांपुरता होता. राहत्या खोलीत झाडांचा असा परिणाम दिसायला पाय ठेवायला जागा उरणार नाही इतकी झाडं लागतील. झाड जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ओढणी किंवा रुमाल नाकावर बांधला तर धूळ अडते, धूर अडत नाही. त्यासाठी एन-९५ मास्क लागतो, तोही गालाला नीट बसलेला.

हवेचं नुकसान माणसापुरतं नसतं. आमच्या भोवतीच्या शेतांत हिवाळ्यात मोहरी आणि गहू उभा असतो. ओझोन पानाच्या रंध्रांतून आत शिरतो आणि गव्हाचं उत्पन्न घटवतो, क्रशरजवळच्या शेतांत पानांवर बसलेली धूळ ऊन अडवते. धुक्याचे थेंब जमायला कण लागतात, म्हणून कणांनी भरलेल्या हवेत धुकं दाट होतं आणि लवकर हटत नाही. डिसेंबरात गाड्या सात-आठ तास उशिरा येतात त्यात थंडीइतकाच धुराचाही हात असतो. इथून सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या ताजमहालाचा संगमरवर आम्लानं झिजतो म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली भोवतालच्या कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांना इंधन बदलायला किंवा जागा सोडायला लावलं. आमच्या किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाचा दगड क्वार्ट्झचा, तो त्या मानानं टिकाऊ. कार्बन डायऑक्साइडचा विषय वेगळा आहे. तो या प्रमाणात फुफ्फुसाला विषारी नाही, पण दोनशे वर्षांत दहा लाखांत २८०वरून ४२०च्या वर गेला आणि पृथ्वी तापवतो आहे. धुराचे कण आठवड्याभरात पावसाबरोबर खाली येतात, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. चूल, डिझेल आणि कचऱ्याची शेकोटी कमी झाली की मात्र दोन्ही एकदमच घटतात.

हवा सुधारते हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पेट्रोलमधलं शिसं देशभरातून २००० साली गेलं. एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ५०वरून १०वर आलं. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये असंच झाकण पाच दिवस बसलं होतं, हजारो माणसं गेली, आणि चार वर्षांत त्यांनी धुराविरुद्ध कायदा केला. आपल्याकडे २०१९च्या राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रमात ग्वाल्हेरचं नाव आहे, रस्ते धुणारी, झाडणारी यंत्रं आली, पाण्याचे फवारे आले. हे सगळं धुळीसाठी चाललं आहे, आणि ते हवंच. माझी तक्रार एवढीच, की सकाळी यंत्रानं झाडलेल्या त्याच रस्त्याच्या कडेला अर्ध्या तासानं गोळा केलेला पाला पेटवलेला असतो. धूळ उचलली आणि तिचा धूर केला. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ सालीच उघड्यावर कचरा जाळायला पाच हजार रुपये दंड सांगितला आहे.

आमच्या गल्लीत रात्रीच्या चौकीदाराची शेकोटी हा असाच प्रश्न होता. तो टायरचे तुकडे आणि प्लॅस्टिक जाळायचा, कारण लाकूड विकत घ्यावं लागतं. त्याला रागावून उपयोग नव्हता, तीन अंशांत तो उघड्यावर बसतो. पाच घरांनी मिळून त्याला जाड कोट, कांबळं आणि गेटजवळच्या खोलीत विजेचा हीटर दिला. गेल्या हिवाळ्यात टायर एकदाही जळला नाही. पहिल्या आठवड्यात आत्यानं आपली पश्चिमेची खिडकी संध्याकाळी उघडी ठेवून पाहिली, आणि मग रोजच ठेवायला लागली.

काका आता थंडीत दुपारी तीनला निघतात. पहाटेची ओळखीची मंडळी भेटत नाहीत म्हणून पहिले काही दिवस कुरकुरले. मग त्यांनीच दोघांना किल्ल्यावर नेऊन ती दुलई दाखवली. आता तिघं जातात.